वेली गुलाबाची खरड छाटणी करू नका

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीचे प्रश्न या दिवसांत येतातच. यंदा त्यांच्या जोडीला नाशिकच्या निफाड-दिंडोरी या द्राक्षभागातून अंगणातल्या वेली गुलाबाबद्दलही विचारणा झाली आहे. प्रश्न बहुतेक घरातल्या ताईंचे आहेत, आणि तक्रार नीट वाचली की कात्री दादांच्या हातात दिसते. निवडक प्रश्नांना उत्तरे देतो.

प्रश्न : फाटकाच्या कमानीवर लाल वेली गुलाब लावून दोन वर्षे झाली. वेल पंधरा फूट गेली, पाने तजेलदार आहेत, पण फुले फक्त शेंड्याला चार-दोन. गेल्या ऑक्टोबरात बागेबरोबर त्याचीही छाटणी उरकली, ठिबकमधून खतही चालू आहे. कोणते औषध मारावे?

औषध कोणतेच नको. वेल निरोगी आहे, तिला फक्त आडवे करायचे राहून गेले आहे.

गुलाबाचा दांडा सरळ उभा वाढतो तेव्हा शेंड्यात तयार होणारे संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे नवी फूट जिथून निघते त्या जागांना, दाबून ठेवते. सगळा जोर टोकाकडे जातो, म्हणून फूलही टोकालाच येते. तोच दांडा आडवा किंवा तिरपा बांधला की शेंड्याची ही सत्ता संपते, दांड्यावरचे डोळे ओळीने फुटतात आणि बाजूने निघणाऱ्या प्रत्येक आखूड बगलफुटीला फूल लागते. तुम्ही द्राक्षात ओलांडा, म्हणजे वेलीचा कायमचा मुख्य हात, तारेवर आडवा करता त्यामागे हेच तत्त्व आहे. गुलाबाचे चार ते सहा जोमदार दांडे म्हणजे त्याचे ओलांडे समजा. हे ओलांडे कापायचे नसतात. दरवर्षी कापायच्या त्या त्यांच्यावरच्या बगलफुटी, दोन-तीन डोळे राखून. तुम्ही मागच्या ऑक्टोबरात दांडेच छाटलेत, म्हणजे खरड छाटणी (सगळ्या फांद्या खरडून कापणे) केलीत, त्यामुळे वेलीने वर्षभर पुन्हा दांडेच तयार केले. त्यातही तुमची जात वर्षातून एकदाच बहरणारी असेल तर नुकसान दुप्पट, कारण अशा जातींना फुले मागच्या वर्षीच्या लाकडावर येतात आणि ते लाकूड तुम्ही बांधावर टाकले.

आता काय करायचे ते सांगतो. पाऊस पूर्ण उघडला की, साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर, आधी सगळ्या गाठी सोडून वेल मोकळी करा. वाळलेले, रोगट आणि पेन्सिलीपेक्षा बारीक, एकमेकांवर घासणारे दांडे मुळापासून काढा. उरलेले दांडे कमानीच्या दोन्ही बाजूंनी नागमोडी फिरवा; सरळ वर नेऊ नका. भिंत असेल तर पंख्यासारखे पसरा, खांब असेल तर भोवती गुंडाळत न्या. हिरवट, कोवळा दांडा सहज वळतो. जुना, साल तपकिरी झालेला दांडा एका दिवसात वाकवायला गेलात तर बुडाशी कट्‌ असा आवाज येतो आणि वर्षाची वाढ हातात येते. त्याला दर चार-पाच दिवसांनी थोडा थोडा खाली ओढा. अशाने दोन-तीन आठवड्यांत तो जागेवर येतो.

बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या घ्या. कमान आणि दांडा यांच्यामध्ये एक पीळ द्या, म्हणजे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फास होईल आणि दांडा लोखंडाला घासणार नाही. बागेतली बाइंडिंग वायर इथे वापरू नका. दांडा जाड होतो, तार सालीत रुतते आणि तिथून पुढचा भाग वाळतो. गुलाबाला द्राक्षासारखे ताणे नसतात, तो स्वतःहून काहीच धरत नाही, म्हणून बांधणीचे काम दर महिन्याला थोडे थोडे करत राहावे लागते.

खताचेही बोलायला हवे. बागेच्या ठिबकची लॅटरल (बारीक नळी) गुलाबापर्यंत ओढली असेल तर बागेचे सगळे नत्र त्यालाही मिळते आहे. तजेलदार पाने आणि फूल नाही, याचे अर्धे कारण तेच. त्याचे ड्रिपर वेगळे करा किंवा खत सोडताना तेवढा कॉक बंद ठेवा. छाटणीनंतर दहा किलो कुजलेले शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड आळ्यात मिसळली की अंगणातल्या एका वेलीला पुष्कळ झाले. पाणी वाफसा पाहून द्या. छाटणीपासून साधारण दीड-दोन महिन्यांत पहिला बहर दिसावा. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला तर थोडे पुढे-मागे होईल.

आणि एक विनंती. एकसारखी फूट यावी म्हणून द्राक्षाच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात, काही जण गुलाबाच्या डोळ्यांनाही त्याचे पेस्टिंग करून पाहतात. ते जहाल विष आहे. लहान मुले खेळतात त्या अंगणात ते आणूच नका, गुलाबाला त्याची गरजही नाही.

प्रश्न : वेलीच्या बुडातून एक फूट जोरात निघाली आणि वर्षात मूळ वेलीपेक्षा उंच गेली. तिला सात-सात पाने आहेत, फूल बारीक आणि पांढरट. गुलाबाचा रंग बदलला का?

रंग बदललेला नाही, खुंट वर आला आहे. रोपवाटिकेत जंगली खुंटावर डोळा भरून कलम करतात. डोळा भरल्याची गाठ बुडाशी हाताला लागते. त्या गाठीच्या खालून येणारी प्रत्येक फूट खुंटाची. पानांची संख्या पाहून निर्णय घेऊ नका, कारण काही चांगल्या वेली जातींनाही सात पाने असतात. फूट कुठून निघाली तेच पाहा. द्राक्षाच्या डॉगरीज खुंटाची फूट दिसली की तुम्ही ठेवत नाही, तसेच इथे. पण कात्रीने जमिनीबरोबर कापू नका, चार नव्या येतील. माती बाजूला सारा, फूट जिथून निघाली तिथे पकडून खाली ओढून तोडा. वर्षभर वाढू दिली असेल तर खुरप्याच्या टोकाने बुडासकट काढावी लागेल. गाठीच्या वरून निघालेला जाड, लालसर दांडा मात्र जपा. तोच पुढचा ओलांडा.

प्रश्न : कोणती जात लावावी? कुंडीत, गच्चीवर जमेल का?

आपल्या हवेत चालणाऱ्यांत पांढऱ्यासाठी दिल्लीच्या पुसा संस्थेची दिल्ली व्हाइट पर्ल किंवा क्लायंबिंग आइसबर्ग, पिवळ्यासाठी गोल्डन शॉवर्स, एकेरी लाल फुलासाठी कॉकटेल. ज्या जातीच्या नावाआधी ‘क्लायंबिंग’ लागते ती बहुधा झुडपी जातीच्या एखाद्या फांदीला आपोआप वेलीपण आले म्हणून निवडलेली असते. अशा रोपाला पहिली दोन वर्षे कात्री लावू नका, खोल छाटले तर ते पुन्हा झुडूप होऊ शकते. बिनकाट्याचा पिवळा बँक्सिया फोटोत फार सुंदर दिसतो, पण तो थंड डोंगरी हवेत रमतो. आपल्याकडे नुसता पाला वाढवतो, असा बहुतेकांचा अनुभव.

वेली गुलाब म्हणजे विलायती चोचला असे मानणाऱ्यांसाठी : मणिपूरच्या डोंगरांत रोझा जायगँटिया नावाची रानवेल मोठाल्या झाडांवर चढते, आणि आजच्या अनेक बागायती गुलाबांच्या पूर्वजांत तिचे नाव आहे. कोडाईकनालचे वीरू वीरराघवन यांनी याच वेलीच्या संकरातून उष्ण हवेत टिकणारे गुलाब तयार केले. ती रोपे आपल्या रोपवाटिकांत सहसा मिळत नाहीत, एवढीच खंत.

लागवडीला दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा, भिंतीपासून दीड फूट सोडून. पाच-सहा तास ऊन हवेच. पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये भट्टीसारखी तापते, पूर्वेची मिळाली तर सोने. कुंडीत जमते, पण अठरा-वीस इंचांपेक्षा लहान कुंडी घेऊ नका आणि पंधरा फुटांची अपेक्षाही ठेवू नका.

प्रश्न : पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके येऊन पाने गळतात, थंडीत पांढरी भुकटी, आणि छाटलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली वाळत येते.

हे तीन वेगळे रोग आहेत. फांदी वाळत येणे सर्वांत गंभीर, म्हणून ते आधी. काळा भाग संपून आत पांढरे, निरोगी लाकूड दिसेपर्यंत खाली छाटा. काप डोळ्याच्या किंचित वर आणि तिरपा घ्या, म्हणजे पाणी साचणार नाही. त्यावर लगेच बोर्डो पेस्ट लावा : मोरचूद 100 ग्रॅम, कळीचा चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर. मोरचूद आणि चुना अर्ध्या अर्ध्या पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि भांडे प्लास्टिकचे. कात्री दर वेलीनंतर पुसून घ्या.

भुरीवर, म्हणजे त्या पांढऱ्या भुकटीवर, तुमच्याकडे असलेले पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम चालेल. भर उन्हात मारू नका आणि निंबोळी तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी थांबा, नाहीतर पाने करपतात. काळ्या ठिपक्यांसाठी गळालेली पाने वेचून जाळणे हा निम्मा उपाय आहे. पाणी पानांवर न मारता बुडाशी द्या, आणि पावसाची उघडीप मिळताच कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 2.5 ग्रॅम फवारा.

पाने वेडीवाकडी, पट्टीसारखी अरुंद निघत असतील तर तो रोग नसावा. शेजारच्या रानात 2,4-डी तणनाशक मारले होते का, ते आधी विचारा.

प्रश्न : नवी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या.

लोह कमी पडते आहे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असते, पण मुळांना मिळत नाही. हिराकस (लोहाचे सल्फेट) नुसता आळ्यात टाकला तर तोही तसाच अडकतो, म्हणून शेणखतात मुरवून द्या किंवा चिलेटेड, म्हणजे जमिनीत न अडकणारे, लोह वापरा. त्याआधी आळ्यात पाणी साचून राहत नाही ना, ते पाहा. सतत ओल राहिली तरी हेच लक्षण दिसते.

प्रश्न : या फुलांचा गुलकंद करता येईल का?

ज्या वेलीवर फवारणी झाली तिच्या पाकळ्या खाण्यात वापरू नका, धुतल्या तरी नाही. एखादी वेल त्यासाठीच राखायची असेल तर तिच्यावर रासायनिक औषध अजिबात नको. मावा-कोळी दिसले तर पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोराचा फवारा मारा. तरीही वेली जातींच्या पाकळ्यांत वास बहुधा बेताचाच असतो. गुलकंदासाठी कुंपणाच्या कडेला देशी गुलाबी, वासाच्या गुलाबाची दोन झाडे वेगळी लावा.