बारावीचे पेपर आणि रोजे: वेळ नेमकी जाते कुठे

सलाम ताई,

तुम्ही विचारलंय की मुलगा बारावी सायन्सला आहे, रमजानचे सगळे रोजे ठेवतो, नाशिकच्या वडाळ्यातच तरावीहला (रमजानातली रात्रीची जादा नमाज) जातो, पण दुपारी पुस्तक उघडलं की डुलक्या देतो. मग पेपरच्या दिवसांत रोजे सोडायला लावावेत का? तो विषय जरा बाजूला ठेवा. आधी बघा, तो रात्री झोपतो किती वाजता.

फेब्रुवारीच्या विसाव्या तारखेच्या आसपास नाशिकात सहेरी (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) साधारण पावणेसहाला बंद होते आणि इफ्तार (रोजा सोडणं) संध्याकाळी 6:35 च्या सुमारास येतो. 20 मार्चपर्यंत हेच 5:25 आणि 6:45 होतं. म्हणजे रोजा तेरा तासांचा. तरावीहहून मुलगा पावणेदहाला बाहेर पडला, साडेदहाला आडवा झाला आणि पाचला उठला, तर साडेसहा तास झोप मिळते. बारावीच्या पोराला खरं तर आठ तास हवेत, पण रमजानात निदान एवढी तरी मिळावी. प्रत्यक्षात मशिदीतून दूध बाजार, तिथे कबाब, मग चहा, मग मोबाईल, असं करत एक वाजतो. चार तास झोपलेला मुलगा रोजा नसता तरी पेंगलाच असता.

दुसरी चूक याहून वाईट: ‘रात्रभर अभ्यास करतो, सहेरी करूनच झोपतो.’ बोर्डाचा सकाळचा पेपर 11 ला, हॉलवर 10:30 ला हजर. महिनाभर ज्या वेळी शरीर गाढ झोपेत असतं, त्याच वेळी त्याच्याकडून इंटिग्रेशन सोडवून घ्यायचं. कसं जमेल?

तरावीह सोडायची गरज नाही. पण रोज सव्वा पारा (कुरआनच्या तीस भागांपैकी एक म्हणजे पारा) होणाऱ्या मशिदीत वीस रकातींना (नमाजच्या आवर्तनांना) सव्वा ते दीड तास लागतो, छोट्या सूरांच्या (अध्यायांच्या) तरावीहला पाऊण तास. पेपरांच्या काळात दुसरीकडे जावं. तरावीहची वेळ इशापासून (रात्रीची नमाज) सुबह सादिकपर्यंत (पहाट फुटेपर्यंत) असते, त्यामुळे अगदीच अडलं तर घरीही पढता येते. महिन्याभरात कुरआन पूर्ण वाचण्याचं, म्हणजे खतमचं, गणितही सोपं आहे. पंधरा ओळींच्या प्रतीत एक पारा वीस पानांचा, म्हणजे रोजच्या पाचांपैकी प्रत्येक नमाजीनंतर चार पानं. पेपरच्या आदल्या दिवशी दोनच वाचावीत आणि उरलेली सुट्टीच्या दिवशी. सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत खतम झालाच पाहिजे, हा हट्ट घरच्यांचा असतो.

अभ्यासाची खरी वेळ फजरनंतरची (पहाटेची नमाज), सहा ते आठ. पोटात अन्नपाणी ताजं असतं आणि घर शांत असतं. गणित, फिजिक्सचे न्यूमेरिकल्स इथेच उरकावेत. जोहरनंतर (दुपारची नमाज) पंचवीस-तीस मिनिटं झोप, तीही गजर लावून; तासभर झोपला तर उठल्यावर डोकं जड होतं. असर (संध्याकाळआधीची नमाज) ते मगरिब (सूर्यास्ताची नमाज) नवा धडा काढू नये. आकृत्या, सूत्रं, रिअ‍ॅक्शन्स, एवढंच.

जेवणात दोनच गोष्टी सांभाळा. सहेरीला खजला-फेणी दुधात बुडवून खाल्ली की पोट भरल्यासारखं वाटतं, पण दहा वाजता भूक लागते. त्यापेक्षा भाकरी, डाळ किंवा अंडी, दही, एक केळं. पापड-लोणचं नको, मीठ तहान वाढवतं. पाणी शेवटच्या पाच मिनिटांत लिटरभर ढोसून उपयोग नाही, ते लघवीवाटे निघून जातं. इफ्तारला दोन ग्लास, तरावीहला सोबत बाटली, झोपताना एक, सहेरीला दोन, असं सव्वादोन लिटरपर्यंत न्या. इफ्तारला खजूर-पाणी, मगरिब, मग साधं जेवण. भज्या-समोशांनी पोट भरलं तर इशापर्यंत पुस्तक हातात धरवत नाही. पहिल्या दोन-तीन रोज्यांना कपाळ ठणकतं ते बहुधा चहा तुटल्यामुळे. शाबानच्या (रमजानच्या आधीचा महिना) शेवटच्या आठवड्यात दर दोन दिवसांनी एक कप कमी करत गेलं की हा त्रास बराच टळतो.

शाबानमध्येच दोन नफिल (ऐच्छिक) रोजे ठेवून, त्या दिवशी घड्याळ लावून 11 ते 2:10 जुना पेपर सोडवून घ्या. कुठल्या तासाला हात मंदावतो ते तिथेच कळतं.

सकाळच्या पेपरला नमाजीची अडचण नाही, बाहेर आल्यावर जोहर आरामात मिळते. घोटाळा दुपारच्या, 3 ते 6:10 च्या पेपरचा. हनफी आणि शाफई या दोन पंथांत असरची वेळ वेगळी: हनफींची पाचच्या सुमारास लागते, शाफईंची चारनंतर, म्हणजे दोन्हीकडे पेपर चालू असताना. सुटल्यावर सूर्यास्ताला जेमतेम पंचवीस-तीस मिनिटं उरतात. वजू (नमाजीआधी हात-पाय-तोंड धुणं) करूनच हॉलमध्ये जावं आणि सुटल्याबरोबर केंद्राजवळच असर पढून घ्यावी. घरी जाऊन पढू म्हटलं तर द्वारकेच्या सिग्नललाच मगरिब होते. बॅगेत तीन खजूर आणि पाण्याची बाटली हवीच.

आता रोजा सोडण्याचं. नुसती परीक्षा हे त्याचं सरसकट कारण धरलं जात नाही. ताप, उलट्या, चक्कर असेल तर सवलत आहे, नंतर कजा (राहिलेला रोजा भरून काढणं) ठेवता येते. मुलाला डायबेटिस वगैरे असेल तर आधी डॉक्टर, मग इमामसाहेब, याच क्रमानं विचारा.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्री लोक इबादतीसाठी (उपासनेसाठी) जागतात; त्या पेपरच्या आदल्या दिवशी आल्या तर जागरण नको. इशा आणि फजर जमातीनं (सामूहिकपणे) पढणाऱ्याला रात्रभर इबादत केल्याचं पुण्य मिळतं, असं हदीसमध्येच आहे.

आणि फ्रिजवरचं वेळापत्रक मुंबईचं तर नाही ना, ते बघा. नाशिक पूर्वेला असल्यामुळे इथल्या वेळा तीन-चार मिनिटं आधी येतात. इफ्तार तेवढा उशिरा झाला तर बिघडत नाही. सहेरी मात्र वेळ संपल्यावरही चालू राहते.