अधिष्ठातापद स्वीकारल्यावर अभ्यासक संपतो का? हॅना ग्रे यांच्या निमित्ताने

आपण विचारले आहे की, अधिष्ठातापदासाठी विचारणा झालेल्या प्राध्यापिकेने ते पद घेतले तर तिचे संशोधन संपते का, आणि या वाटेने आधी गेलेल्या एखाद्या स्त्रीचे उदाहरण आहे का. मी अनेक वर्षे इतिहास शिकवला असल्यामुळे मला सर्वप्रथम आठवतात त्या इतिहासकार हॅना होल्बॉर्न ग्रे. 1978 ते 1993 अशी पंधरा वर्षे त्या शिकागो विद्यापीठाच्या अध्यक्ष होत्या. आपल्याकडील कुलगुरूंचे काम तिथे अध्यक्ष करतात. अमेरिकेतील स्त्रियांच्या महाविद्यालयांना स्त्री-अध्यक्ष एकोणिसाव्या शतकापासून लाभल्या होत्या, परंतु स्त्री-पुरुष दोघांसाठी असलेल्या एवढ्या मोठ्या संशोधन विद्यापीठाची सूत्रे पूर्णवेळ अध्यक्ष म्हणून स्त्रीकडे येण्याचा प्रसंग तेव्हा अगदी विरळा होता.

त्यांचा जन्म 1930 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झाला. वडील हायो होल्बॉर्न इतिहासकार आणि आई प्राचीन भाषांच्या अभ्यासक होत्या. नाझी सत्तेवर आल्यावर कुटुंबाने देश सोडला आणि वडील येल विद्यापीठात शिकवू लागले. हॅना यांनी 1957 मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली व तिथेच त्या शिकवू लागल्या. त्या काळी हार्वर्डच्या अध्यापक क्लबात स्त्रियांना बाजूच्या दाराने आत जावे लागत असे. स्वतःच्याच संस्थेत बाजूच्या दाराने शिरावे लागलेली ही अध्यापिका पुढे 1997 मध्ये त्याच हार्वर्डच्या सर्वोच्च नियामक मंडळाची सदस्य झाली, याचे मला आजही मोल वाटते.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने 1969 सालचा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा आहे. तेव्हा त्या शिकागोत इतिहासाच्या सहयोगी प्राध्यापिका होत्या. मार्लीन डिक्सन या समाजशास्त्राच्या अध्यापिकेची फेरनियुक्ती नाकारली गेल्याने विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीचा ताबा घेतला आणि तो सुमारे दोन आठवडे सोडला नाही. या निर्णयाचा फेरविचार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद ग्रे यांच्याकडे आले. समितीने विभागाचा निर्णय उलटवला नाही, मात्र एका वर्षाची नियुक्ती देण्याची शिफारस केली, आणि ती डिक्सन यांनी नाकारली. हा निकाल योग्य होता की नाही यावर मतभेद होऊ शकतात. मी स्वतः अशा समित्यांवर काम केले आहे, आणि दोन्ही बाजूंचा रोष ओढवणार हे ठाऊक असूनही कागदपत्रे शांतपणे वाचून कारणांसह निर्णय लिहून देणे किती जड जाते, हे मी जाणतो. हे काम मुळात इतिहासकाराचेच आहे, असे मला वाटते.

त्यानंतर 1972 मध्ये त्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अधिष्ठाता झाल्या, 1974 मध्ये येलच्या प्रोव्होस्ट, म्हणजे शैक्षणिक व आर्थिक कारभाराच्या प्रमुख झाल्या आणि 1977–78 मध्ये त्यांनी तिथले हंगामी अध्यक्षपदही सांभाळले. ज्या येलने पदवी अभ्यासक्रमाचे दार मुलींसाठी 1969 मध्ये उघडले होते, तिथे आठ वर्षांनी एक स्त्री प्रमुखपदी बसली, मग तो कार्यभार हंगामी का असेना.

शिकागोत त्यांच्यासमोर मुख्य प्रश्न पैशाचा होता. सगळेच विभाग थोडेथोडे दुबळे करण्याऐवजी काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे त्या संस्थेने ठरवले. ग्रंथालयशास्त्रातील पहिली डॉक्टरेट देणारी तिथली नामवंत शाळा बंद झाली आणि भूगोलाचा स्वतंत्र विभाग राहिला नाही; त्याच काळात संगणकशास्त्राचा विभाग आणि सार्वजनिक धोरणाची नवी शाळा उभी राहिली. बंद झालेल्या विभागांतील अध्यापकांचे दुःख मी कमी लेखत नाही. ग्रंथालयशास्त्राबाबतचा निर्णय तर मला आजही खटकतो.

आता संशोधनाविषयी स्पष्टच लिहितो, कारण आपल्याला खोटा दिलासा देणे योग्य होणार नाही. प्रबोधनकाळातील मानवतावादी विचारवंतांवरचा त्यांचा गाजलेला निबंध 1963 चा आहे, म्हणजे कोणतेही प्रशासकीय पद मिळण्यापूर्वीचा. त्या विचारवंतांना एकत्र बांधणारा धागा वक्तृत्वाचा होता आणि ज्ञानाने ऐकणाऱ्याला कृतीकडे नेले पाहिजे अशी त्यांची धारणा होती, असे त्या निबंधाचे प्रतिपादन आहे. प्रशासनाच्या वर्षांत त्या तोडीचा ग्रंथ त्यांच्या हातून झाला नाही. तेव्हा आपण पद घेतले तर लेखनाचा वेग मंदावणार, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. जे लेखन आज अर्धे झाले असेल ते शक्य तर आधी पूर्ण करावे, आणि किती वर्षांनी विभागात परतणार हेही नियुक्तीच्या वेळीच लेखी ठरवून घ्यावे.

ग्रे यांनी 1993 मध्ये अध्यक्षपद सोडले, तेव्हा त्यांचे वय बासष्ट होते. त्यानंतर त्या शिकागोच्याच इतिहास विभागात परतल्या आणि शिकवू लागल्या.