ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड तुटला आणि आटेही गेले, तर हेड बदलावेच लागते का?

आपण विचारले आहे की, जुन्या पेट्रोल गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका वायू एकत्र करून बाहेर नेणारा भाग) उतरवताना टोकाचा एक स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेली, हेडमध्ये बसवलेली सळई) हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पृष्ठभागालगत तुटला, दुसऱ्या एका स्टडबरोबर भोकातले आटेच बाहेर आले आणि गॅरेजमध्ये पूर्ण हेड बदलण्यास सांगितले. हे योग्य आहे का? माझे मत असे की, हेडला तडा गेलेला नसेल तर केवळ एवढ्यासाठी हेड बदलू नये. त्यातही आपण कोल्हापुरात राहता. ज्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिने आणि त्यांचे सुटे भाग तयार करण्यात माणसांच्या पिढ्या गेल्या, तिथे एम ८ चे, म्हणजे ८ मिमी व्यासाच्या आट्यांचे, एक भोक दुरुस्त करून देणारा टर्नर सापडणे अवघड नाही. मात्र त्याच्याकडे जाण्यापूर्वी घरी कोणी त्या स्टडवर आणखी प्रयोग करून काम बिघडवू नये, याची काळजी आपण घ्यावी.

उरलेले नट सोडवायचे असतील तर आधी ते पहा. लोखंडाला गंज चढला की त्याचे आकारमान मूळ धातूपेक्षा बरेच वाढते आणि आट्यांमधली फट पूर्ण भरून जाते. म्हणून केवळ लांब पाइप लावून जोर वाढवल्याने नट सुटण्याऐवजी स्टड पिळवटून तुटतो. आपल्याकडचा पावसाळा आणि गाडी गगनबावड्याच्या घाटातून वारंवार कोकणात उतरत असेल तर तिथली खारी हवा, यांमुळे खालच्या बाजूचे नट लवकर धरतात. तारेच्या ब्रशने बाहेर दिसणारे आटे स्वच्छ करावेत, गंज सोडवणारे पातळ तेल रात्री आणि पुन्हा सकाळी मारावे आणि बारा कोनांच्या पान्याऐवजी सहा कोनांचा गोटी पाना घट्ट बसवावा. प्रथम नट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, मग सोडवावा. थोडासा सुटला की पुन्हा आत, पुन्हा बाहेर, मध्ये तेल, असे करत काढावा. पान्याला रबरासारखी लवचीकता जाणवू लागली, म्हणजे नट फिरत नसून स्टड पिळला जात आहे असे समजून तिथेच थांबावे.

थांबल्यावर उष्णतेचा आधार घ्यावा. नट तापवला की तो फुगतो आणि गंजाचा थर तडकतो. मात्र हेड ॲल्युमिनियमचे असल्याने त्यावर गॅसची ज्योत धरू नये, कारण ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल होऊन सूचना देत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते, हेडचा मिश्रधातू त्याहून कमी तापमानालाच, आणि त्याआधीच, २०० अंशांच्या पुढे, मिश्रधातूचा कठीणपणा उतरू लागतो. ज्योत फक्त नटवर, थोडा वेळ आणि आगीपासून सुरक्षित जागी धरावी. हेडला गरम हवेच्या गनची ऊब पुरते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे हेड ऊबदार झाले की स्टडभोवतीची पकड ढिली होते. ब्रेक क्लीनर मारलेला भाग कधीही तापवू किंवा वेल्ड करू नये, कारण क्लोरीनयुक्त क्लीनरपासून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो.

आता तुटलेल्या स्टडविषयी. माझ्या मते पहिला उपाय वेल्डिंगचा. तुटलेल्या टोकावर नट ठेवून त्याच्या मधल्या भोकातून मिग वेल्डिंगने (सतत पुढे सरकणाऱ्या तारेच्या विजेच्या वेल्डिंगने) नट आणि स्टड एकजीव करतात. पोलादी वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही आणि त्याच वेळी स्टडला आतपर्यंत उष्णता मिळते, हे दोन्ही फायदे होतात. हाताला सोसेल इतपत थंड झाल्यावर पाना लावून दोन्ही दिशांना हळूच हलवत स्टड काढतात. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. स्टड आत भोकात तुटला असेल तर थरावर थर देत त्याला पृष्ठभागापर्यंत आणावे लागते, पण ते अनुभवी माणसाचेच काम आहे.

इझी-आउट (तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून त्यात उलटा फिरवून स्टड काढण्याचे हत्यार) मात्र शेवटी वापरावा आणि गंजाने घट्ट धरलेल्या स्टडवर तर टाळावाच. तो अतिशय कठीण पोलादाचा असतो आणि आत तुटला की साधे ड्रिल त्याला चावत नाही. मग स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या) मशिनवर हेड न्यावे लागते आणि साधे काम खर्चिक होते.

ड्रिल करायचे ठरले तर भोक बरोबर मध्यभागी पडणे हेच खरे कौशल्य आहे. आधी तुटलेले टोक घासून सपाट करून पंच मारावा. शक्य असल्यास लेथवर एक बुश (जाड पोकळ नळीचा तुकडा) करून घ्यावा: बाहेरून मॅनिफोल्डच्या भोकात घट्ट बसेल असा आणि मध्ये ५ मिमीचे भोक असलेला. मॅनिफोल्ड उरलेल्या स्टडवर बसवून त्या बुशमधून ड्रिल केल्यास भोक वाकडे जात नाही. एम ८ × १.२५ च्या (दोन आट्यांतले अंतर १.२५ मिमी असलेल्या) स्टडसाठी टप्प्याटप्प्याने ६.५ मिमीपर्यंत जावे, उरलेली पातळ साल टोच्याने सोलावी आणि मग टॅप (भोकात आटे पाडणारे हत्यार) फिरवून आटे साफ करावेत.

ज्या भोकाचे आटेच गेले आहेत, तिथे हेलिकॉइल (आट्यांच्या आकाराची गुंडाळलेली पोलादी तार) किंवा भरीव पोलादी बुश असा इन्सर्ट, म्हणजे नवे आटे देणारा तुकडा, बसवणे हा पक्का उपाय आहे. नीट बसवलेला इन्सर्ट ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा जास्त ताण सोसतो. किटमध्ये जेवढे सांगितले असेल तेवढेच ड्रिल, सहसा ८.३ मिमीच्या आसपास, आणि त्याच किटमधला टॅप वापरावा. टॅपच्या खाचांत ग्रीस भरले की कीस त्यातच अडकतो. हेलिकॉइलची पहिली गुंडाळी पृष्ठभागाच्या अर्धा फेरा खाली जाऊ द्यावी आणि खालचे शेपूट तोडून चिमट्याने आठवणीने बाहेर काढावे. भोक पाण्याच्या वाहिनीत उघडत असेल, तर स्टडला सीलंट लावणे आवश्यक आहे.

टोकाचाच स्टड का तुटला, हेही कारागिराला विचारावे. बिडाचा मॅनिफोल्ड आणि ॲल्युमिनियमचे हेड तापल्यावर सारखे वाढत नाहीत. त्यांच्यातला हा फरक टोकांना सर्वात जास्त पडतो, आणि त्यातच मॅनिफोल्ड वाकला असेल तर नवा स्टडही तुटेल. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पात्यांनी) मॅनिफोल्डचा चेहरा तपासून घ्या, फट गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर उद्यमनगरातच तो सपाट करून घ्या, आणि जोडताना नवे गॅस्केट घालून मधल्या नटांपासून टोकांकडे जात टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा.