उजनीचा नकाशा आणि सहा क्रेडिटचा प्रोजेक्ट

तुझा प्रश्न कळला. ऑक्टोबरपासून जर्मनीत जिओइन्फर्मॅटिक्सचं (कॉम्प्युटरवर नकाशे आणि उपग्रहाची माहिती हाताळण्याचं शास्त्र) मास्टर्स, आणि उजनी धरणाचं पाणी कसं चढतं-उतरतं ते नकाशावर दाखवणारं सॉफ्टवेअर तिथल्या क्लास प्रोजेक्टमधून उभं करायचं. जमेल का? जमेल, पण अख्खं सॉफ्टवेअर एका सेमिस्टरच्या गळ्यात मारू नकोस.

तिथे एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. सहा क्रेडिटच्या प्रोजेक्टला एकाचे १५० ते १८० तास मिळतात. लेक्चर आणि रिपोर्टही त्यातच. एवढ्यात एकच काम धड होतं. म्हणून पहिल्या सेमिस्टरला फक्त पाण्याची कड काढा: सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, साधारण दर पाच दिवसांनी. मात्र धरण भरतं ते ऐन पावसाळ्यात, आणि तेव्हा चित्रात नुसते ढग. तिथे सेंटिनेल-१ या उपग्रहांचं रडार लागतं, ते ढगांतून पाहतं. हा दुसऱ्या सेमिस्टरचा स्वतंत्र प्रोजेक्ट समज. वेबवरचा नकाशा त्यानंतर.

मीही तिथे असाच प्रोजेक्ट केला होता, आता त्यातली माझी चूक सांगतो. आमच्या गटातल्या एकाकडे साठ्याचे आकडे साफ करायचं काम होतं. शेवटच्या आठवड्यात आलेख उघडला तर एप्रिल ते जूनची रेघच नाही. तो म्हणाला, टक्केवारी उणे कशी असेल, चुकीचे आकडे समजून काढून टाकले. त्याचा काय दोष? 'उजनी मायनसमध्ये गेलं' हे आपल्याकडे चहाच्या गाडीवरही बोलतात, पण त्याला कुणी सांगितलं होतं? उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातला ६३ च्या आसपास मृत साठा, म्हणजे तळाचं, एरवी वापरात न धरलेलं पाणी. टक्केवारी मोजतात ती वरच्या उपयुक्त साठ्याची, म्हणून मृत साठ्याला हात लागला की आकडा उणे होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० च्याही खाली होता. ज्या महिन्यांसाठी मी हे सगळं करायला निघालो होतो, नेमके तेच नकाशावरून पुसले गेले. हे समजावणारं एक पान मी पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं. तू इथूनच लिहून ने. तुझ्या गटात ते दुसऱ्या कुणालाच माहीत नसणार.

कोडचं हक्काचं बोलणंही सुरुवातीलाच उरक. क्लासमध्ये लिहिलेला कोड सहसा लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचाच असतो, म्हणजे पुढे न्यायला सगळ्यांची संमती लागते. पहिल्याच आठवड्यात ओपन सोर्स लायसन्स, म्हणजे कोड कुणालाही वापरू-बदलू देणारा परवाना, घालून ठेवा. विद्यापीठात पगारी सहायक म्हणून लिहिलेल्या कोडचे हक्क मात्र विद्यापीठाकडे जातात. दोन्ही मिसळू देऊ नकोस. आणि सेमिस्टर संपायच्या आत दुसऱ्या गटातल्या कुणाला तरी त्याच्या लॅपटॉपवर तुमचा कोड चालवून बघायला सांग. आमचा फक्त माझ्याच लॅपटॉपवर चालायचा, म्हणून पुढच्या बॅचने तो बाजूला ठेवून नव्याने सुरुवात केली.

निघण्याआधी एक काम कर. पुणे रोडने पळसदेवला जा. पाणी उतरलं की तिथलं जुनं देऊळ वर येतं. पाणी कुठपर्यंत आहे त्याचे फोटो काढ, तारीख आणि मोबाईलवरचं लोकेशन लिहून ठेव. उपग्रहाने काढलेली कड खरी की खोटी, हे तपासायला तिथे तुझ्याकडे तेवढंच असेल. पण जूनच्या आत जा. धरण भरायला लागलं की देऊळ परत पाण्याखाली.