साहेब दिल्लीला गेले म्हणजे नक्की कुठे गेले?

मराठवाड्यातल्या एका लोकसभा खासदारांकडे मी 2009 ते 2019 अशी दहा वर्षं स्वीय सहायक होते. अधिवेशन असलं की दिल्लीत नॉर्थ अव्हेन्यूच्या फ्लॅटमध्ये, नसलं की जिल्ह्याच्या गावी संपर्क कार्यालयात. गेल्या अंकात याचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग आला. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तर देते.

प्रश्न : टीव्हीवर आमचे खासदार रिकाम्या बाकांसमोर बोलताना दिसतात. मग बाकीचे असतात कुठे? आठवडाभर हे लोक नेमकं करतात काय? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा)

अधिवेशनातला आमचा सोमवार पहाटेच सुरू व्हायचा. शून्य प्रहरात, म्हणजे सदस्यांना तातडीचे विषय मांडता येतात त्या वेळेत, बोलायचं असेल, तर त्याची सूचना सकाळी 10 च्या आत पोहोचलेली लागायची. साहेब आदल्या रात्री मतदारसंघातून आलेले असायचे. खिशात लग्नपत्रिकांच्या मागे लिहून आणलेले चार-पाच विषय. त्यातला एक निवडायचा आणि दोन मिनिटांत सांगता येईल इतका आटवायचा, हे माझं काम.

11 ला प्रश्नोत्तराचा तास. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत तारांकित प्रश्न 20 आणि अतारांकित 230 असतात. तारांकिताला मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि सदस्याला उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताचं उत्तर लेखी. प्रश्न किमान 15 दिवस आधी द्यावा लागतो, प्रत्येक खात्याचा वार ठरलेला असतो आणि कोणाचा प्रश्न यादीत येणार हे सोडतीवर ठरतं. म्हणजे जुलैच्या शेवटी उत्तर हवं असेल, तर अधिवेशन सुरू व्हायच्या आधीच तयारीला बसायचं. नाव निघालं तरी 20 पैकी जेमतेम पाच-सहा प्रश्न सभागृहात तोंडी होतात. गोंधळात तास वाहून गेला की तेही नाही. आमचा नवव्या क्रमांकावरचा प्रश्न असा बुडाला, त्या दिवशी साहेब जेवले नव्हते. लेखी उत्तर मिळालं, पण उपप्रश्नासाठी आम्ही तीन रात्री जागून काढलेली माहिती फाइलमध्येच राहिली.

12 नंतर शून्य प्रहर. पुढे नियम 377 खाली सदस्य सरकारच्या कानावर घालतात ते विषय, विधेयकं, चर्चा. आता तुझ्या रिकाम्या बाकांबद्दल. दुपारनंतर अनेक सदस्य समित्यांच्या बैठकांना गेलेले असतात. खात्यांशी निगडित 24 स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत 31 सदस्य, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10. तिथे कॅमेरा नसतो. सचिव समोर बसतात, गेल्या वर्षीचे पैसे का खर्च झाले नाहीत हे त्यांना सांगावं लागतं आणि पक्ष विसरून सदस्य त्यांना विचारतात. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत खात्यांच्या खर्चाच्या मागण्या तपासण्याचं काम याच समित्या करतात. साहेबांचं सगळ्यात चांगलं काम मी तिथे झालेलं पाहिलं आणि मतदारसंघात त्याची कुणाला कल्पनाही नव्हती.

पण सगळे बाक समितीमुळे रिकामे असतात असं मी तुला सांगणार नाही. सभागृह चालायला एक दशांश सदस्य लागतात, म्हणजे लोकसभेत 55. संध्याकाळी तेवढे तरी आहेत का, असा प्रश्न पडावा असे दिवस मी पाहिले आहेत. आणि शुक्रवार! शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामाचे असतात. मंत्री नसलेला कुणीही खासदार स्वतःचं विधेयक किंवा ठराव तेव्हा मांडू शकतो. नेमकी तेव्हाच परतीची विमानं असतात. अशी 14 विधेयकं आजवर कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये. कोकणातल्या राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै यांनी 1967 साली, संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेल्या गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर, घटनादुरुस्तीच्या अधिकाराबद्दल असंच खासगी विधेयक आणलं होतं. ते मंजूर झालं नाही. नाथ पै जानेवारी 1971 मध्ये गेले आणि त्याच वर्षी सरकारने 24 वी घटनादुरुस्ती करून तोच अधिकार संसदेकडे आणला. त्या विधेयकाशी तुझं मत जुळो न जुळो, विरोधी बाकावरचा एक खासदार केवढा प्रश्न ऐरणीवर आणू शकतो हे त्यातून दिसतं. म्हणून शुक्रवारी दुपारी निघायचं तिकीट काढायला साहेबांनी सांगितलं की मला वाईट वाटायचं. दोनदा मी बोललेही. एकदा त्यांनी ऐकलं.

प्रश्न : आमचे खासदार लग्नाला, तेरवीला, सप्ताहाच्या काल्याला हजर असतात. गावचा रस्ता मात्र आहे तसाच. वर्षाला 5 कोटी मिळतात ते जातात कुठे? (निवृत्त शिक्षक, बीड जिल्हा)

गुरुजी, आधी पैशाचं सांगते. खासदार निधी डिसेंबर 1993 मध्ये सुरू झाला. 2011-12 पासून तो वर्षाला 5 कोटी आहे. कोविडच्या काळात, एप्रिल 2020 पासून दीड वर्षाहून अधिक काळ, तो थांबलेला होता. यातला एक रुपयाही खासदाराच्या हातात येत नाही. खासदार काम सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाचा. किमान 15 टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या भागांसाठी सुचवावी लागते. प्रार्थनास्थळाला हा निधी देता येत नाही. देवळापुढच्या सभामंडपासाठी येणाऱ्या मंडळींना हे पटवताना माझा घसा बसायचा.

महाराष्ट्रातल्या लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं येतात. आमच्याकडे गावं हजारावर. भागाकार तुम्ही मुलांना शिकवलाच असेल : गावाला वर्षाचे 50 हजारसुद्धा येत नाहीत. त्यात रस्ता होत नाही. तुमचा रस्ता जिल्हा परिषदेचा आहे की सार्वजनिक बांधकामचा की प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला, हे आधी पाहा. शेवटचा असेल, तर खासदाराला जरूर धरा. केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी जिल्ह्याची 'दिशा' समिती 2016 पासून आहे. अध्यक्ष लोकसभेचे खासदार, सदस्य सचिव जिल्हाधिकारी, बैठक दर तिमाहीला अपेक्षित. शेवटची बैठक कधी झाली आणि इतिवृत्तात काय लिहिलं, हे विचारा. लग्नाला का आलात हे विचारण्यापेक्षा या प्रश्नाने खासदार जास्त सावध होतो.

आणि लग्नांबद्दल थोडं माझंही ऐका. मोठ्या तिथीला आमच्याकडे 60-70 पत्रिका यायच्या. न गेलेल्या घराचा राग पाच वर्षं टिकायचा. शनिवार-रविवार सकाळी 8 ला कार्यालयात लोकांना भेटायचं आणि 11 नंतर गाडीत बसायचं ते रात्रीपर्यंत. सोमवारच्या विधेयकाचे कागद त्यांच्या मांडीवर असायचे, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर वाचणार काय? हा वेळ आपणच त्यांच्याकडून मागतो, हे मला तेव्हाही खुपायचं आणि आजही खुपतं.

प्रश्न : पगार किती असतो? (इंदूर)

1 एप्रिल 2023 पासून महिना 1 लाख 24 हजार. मतदारसंघ भत्ता 87 हजार, कार्यालयीन खर्चाला 75 हजार. अधिवेशनाच्या दिवशी 2,500 रुपये दैनिक भत्ता, तोही नोंदवहीत सही केली तरच.

प्रश्न : मराठीत बोललेलं चालतं का? (बडोदे)

चालतं. माझ्या वेळी आधी सूचना द्यावी लागे, म्हणजे दुभाषी कानयंत्रावर भाषांतर करत. साहेबांचं हिंदी बेताचं होतं. दुष्काळावर ते मराठीत बोलले तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज सभागृहात घरच्यासारखा लागला.

प्रश्न : खासदारांना तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. पत्र वाचतं तरी कोण? कसं लिहावं? (तरुण शेतकरी, हिंगोली जिल्हा)

पत्र वाचायची मी. म्हणून तुमची तक्रार मला लागली.

माझ्या टेबलावर तीन गठ्ठे असायचे. केंद्राचं, राज्याचं आणि जिल्हा परिषदेचं. रेशनकार्ड, बदली, तलाठ्याची तक्रार यांत खासदार फार तर फोन करू शकतो. रेल्वेच्या तातडीच्या कोट्यासाठी पत्र, ऑपरेशनला पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधीतून मदत मिळावी म्हणून पत्र, ही कामं त्याच दिवशी व्हायची. जून आला की केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशासाठी घरी माणसं येऊन बसायची. खासदाराच्या हाती दहा जागा होत्या. 2022 मध्ये तो कोटा बंद झाला, बरं झालं.

उत्तर न मिळणाऱ्या पत्रांत बहुतेक वेळा 'योग्य ती कार्यवाही व्हावी' एवढंच असायचं. आता न विसरलेलं एक पत्र सांगते. 2017 च्या दिवाळीनंतर आलेलं, वहीचा एकच कागद. सोयाबीनच्या पीक विम्याचा हप्ता बँकेने खात्यातून कापला होता, पण पोर्टलवर गावाचं नाव चुकीचं चढवलं होतं. पावसाने दगा दिला आणि भरपाईच्या यादीत नाव नाही. कागदावर काय होतं? गाव, महसूल मंडळ, गट क्रमांक, हंगाम, हप्ता कापल्याची तारीख. सोबत पासबुकाची झेरॉक्स. आणि खाली त्याच शाखेत असंच झालेल्या 41 जणांची यादी, प्रत्येकापुढे सही किंवा अंगठा.

त्या कागदावरून मी अर्ध्या तासात अतारांकित प्रश्न तयार केला. हप्ता कापूनही पोर्टलवर चुकीची नोंद झाल्याच्या तक्रारी आहेत का, असल्यास जबाबदारी कोणाची? लेखी उत्तर आलं : योजनेच्या नियमांप्रमाणे बँकेच्या चुकीची जबाबदारी बँकेची. हे नियमात आधीपासून होतं. पण शाखेत ते शेतकऱ्याने सांगणं वेगळं आणि मंत्र्याच्या उत्तराची प्रत टेबलावर ठेवणं वेगळं. ती प्रत घेऊन साहेब 'दिशा'च्या बैठकीत बसले आणि 41 नावं एकेक करून वाचली. पैसे मिळायला पुढे वर्ष गेलं. तिघांच्या पावत्या सापडल्या नाहीत, त्यांना मिळाले नाहीत. त्यांतल्या एक आजीबाई नंतरही कार्यालयात येत राहिल्या.

तेव्हा चौथं पत्र असं लिहा. एका पत्रात एकच काम. योजनेचं नाव, तारीख, गट क्रमांक, कोणत्या कार्यालयात कधी अर्ज दिला आणि त्याची पोच. तुमच्यासारखे आणखी किती जण आहेत त्यांची यादी. आणि ते अधिवेशनाच्या आधी महिनाभर पोहोचू द्या. पावसाळी अधिवेशन साधारण जुलैत, हिवाळी नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतं. मूळ पावत्या पाठवू नका, झेरॉक्स पाठवा. मूळ घरी, कोरड्या जागी ठेवा.