बुद्धिबळ स्पर्धेत हरलेला डाव घरी येऊन लगेच इंजिनला (चाली तपासणाऱ्या संगणक-प्रोग्रामला) लावावा का?

नाही. आधी पट मांडा, स्कोअरशीट (चाली लिहिलेला कागद) समोर ठेवा आणि सगळ्या चाली हातानं खेळून बघा. इंजिन दुसऱ्या दिवशी.

लातूरच्या एका रेटेड स्पर्धेत मी काळ्या मोहऱ्यांनी हरलो. परतताना एसटी रेणापूरला पोचायच्या आत भाऊजींनी मोबाईलवर डाव भरून निकाल दिला, "तेविसाव्या चालीला घोडा चुकला, प्यादं गेलं, खेळ खलास." अंबाजोगाईला जेवताना ताईलाही तेच ऐकवलं. पुढच्या चाली त्यांनी भरल्याच नव्हत्या!

रात्री मी पट मांडला. एक्केचाळिसाव्या चालीला कागदावर लिहिलेली चाल पटावर बसेना. म्हणजे घाईत दोन्ही बाजूंची एकेक चाल लिहायची राहिली होती. ती शोधण्यात तासभर गेला, पण त्या तासात डाव खरा कळला.

शेवटी हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती उरलं होतं. पांढऱ्याचं प्यादं ई5 वर, राजा डी5 वर, हत्ती ए7 वर. माझा राजा ई8 वर, हत्ती बी6 वर. फिलिडोर या जुन्या फ्रेंच खेळाडूनं 1777 मध्येच दाखवलेली बरोबरी. हत्तीनं सहावी रांग धरून बसायचं आणि प्यादं ई6 ला आलं की मागं जाऊन शह देत राहायचं. मला दम निघाला नाही, आधीच हत्ती बी1 ला नेला. त्याचा राजा ई6 ला आला, आता हत्ती ए8 वर आणून मात द्यायची धमकी. तरीही बरोबरी शाबूत होती! राजा एफ8 ला, आखूड बाजूला (प्याद्याच्या ज्या बाजूला पटाच्या कमी उभ्या पट्ट्या असतात तिकडं) न्यायचा, म्हणजे लांब बाजू हत्तीला शह द्यायला मोकळी राहते. मी डी8 ला गेलो. डाव तिथं गेला, तेविसाव्या चालीला नाही.

पाचच मोहरी असल्यामुळं टेबलबेसवर (थोड्या मोहऱ्यांच्या सगळ्या स्थितींचे अचूक निकाल साठवलेल्या संग्रहात) हे छातीठोक कळतं. भाऊजींना दिवाळीत दाखवलं, तर म्हणाले, "प्यादं गेलं नसतं तर ही वेळच आली नसती." आता काय बोलायचं? इंजिननं चुकीला दिलेली लाल खूण बघून बोलणाऱ्यांचं हे असंच असतं.

बाकी, तुमचा घोडा-उंट दर डावात फुकट जात असेल तर मात्र खुशाल लगेच इंजिन लावा. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर फुकट आहे.