जुन्या विलिस जीपचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, दोन्ही पूर्ण ओव्हरहॉल करावेत का?

तुमची गाडी विलिस सीजे-३बी, आत मूळचाच टी-९० तीन गिअरचा बॉक्स आणि मागे स्पायसर १८ ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी. उतारावर पाय काढला की दुसरा गिअर सुटतो, चालताना सतत हूं-हूं आवाज येतो, उभ्या गाडीखाली तेल सांडलेलं असतं. मेकॅनिक म्हणतोय, "दोन्ही उतरवू आणि पूर्ण करून टाकू." तर करावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

एवढ्या तीन तक्रारींवर मी तरी हो म्हणणार नाही. दोन झाकणं काढून आत डोकावल्याशिवाय हा निर्णय होतच नाही, आणि ती झाकणं काढायला काहीही उतरवावं लागत नाही.

आधी आवाज. स्पायसर १८ मध्ये मागचा प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) मध्यावर नसतो, उजवीकडे असतो. त्यामुळे साध्या टू-व्हील हायमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असतानासुद्धा, ताकद सरळ मागे जात नाही. मेन शाफ्टवरच्या गिअरमधून ती मधल्या इंटरमिजिएट गिअरवर येते आणि तिथून आउटपुट गिअरवर. म्हणजे तीन गिअर कायम भाराखाली. उत्तम स्थितीतला स्पायसर १८ सुद्धा थोडा गातोच. आजच्या गाड्यांची सवय झालेल्या माणसाला तो आवाज म्हणजे बिघाड वाटतो. गेल्या वर्षी होता तेवढाच आवाज आजही असेल तर त्याच्यासाठी खर्च करू नका. वाढत चालला असेल, खरखर मिसळली असेल, तर पुढचं वाचा.

सपाट जागी गाडी उभी करा, चाकांना अडसर लावा. ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाका, इंजिन चालू करून गिअरबॉक्स एकेका गिअरमध्ये घाला. गाडी जागची हलणार नाही, पण गिअरबॉक्स फिरेल. ट्रान्सफरमधला इंटरमिजिएट गिअरही फिरत राहील, फक्त बिनभाराचा. आवाज इथेही येत असेल तर दोष गिअरबॉक्समध्ये किंवा त्या मधल्या गिअरच्या आसपास. इथे शांत आणि रस्त्यावर आवाज, तर आउटपुट शाफ्टची बेअरिंगं, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, डिफरन्शियल, किंवा निव्वळ टायर. जाड नक्षीच्या टायरांचा आवाज गिअरबॉक्सच्या नावावर खपताना मी पुष्कळदा पाहिलाय.

दुसरी खूण रस्त्यावरची. टी-९० चा तिसरा गिअर डायरेक्ट आहे. इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकमेकांना जोडले जातात आणि खालच्या क्लस्टरवर (एकाच तुकड्यातल्या गिअरांच्या जुडग्यावर) भार राहत नाही. पहिल्या-दुसऱ्यात कण्हणारा आणि तिसऱ्यात गप्प होणारा बॉक्स असेल, तर संशय क्लस्टर आणि त्याच्या रोलरांवर. तिन्ही गिअरमध्ये सारखाच आवाज असेल तर मागे बघा. क्लच दाबल्यावर आवाज बंद आणि सोडल्यावर सुरू होत असेल तर पुढचं इनपुट बेअरिंग तपासा. क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर तो क्लचच्या बेअरिंगचा. त्याच्यासाठी बॉक्स मागे सरकवावा लागेल, पण आत हात घालायची गरज नाही.

आता सुटणारा दुसरा गिअर. या बॉक्सची ही जुनीच खोड आहे, आणि तिची सगळी कारणं आतली नसतात. बेल हाऊसिंगचे आणि गिअरबॉक्स त्याला धरणारे बोल्ट सैल असले तर बॉक्स किंचित तिरका बसतो आणि गिअर टिकत नाही. त्यामुळे आधी पाना लावून बघा. मग गाडी दुसऱ्यात चालवताना तळहात गिअरच्या दांड्यावर नुसता ठेवा, दाबू नका. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की दांडा पुढेमागे सरकत असेल, तर आतले शाफ्ट लांबीत हलताहेत, नाहीतर गिअरबॉक्सचं माउंटिंग खचलंय.

यानंतर बॉक्सचं वरचं झाकण काढा. मजल्यावर दांडा असलेल्या टी-९० मध्ये शिफ्टरचे रॉड, गोळ्या आणि स्प्रिंगा त्या झाकणातच असतात. स्प्रिंग थकली असेल किंवा रॉडवरची गोळी बसायची खाच झिजली असेल, तर गिअर सुटायला तेवढं पुरतं आणि काम वरच्या वर होतं. झाकण निघालंय तर टॉर्च घेऊन दुसऱ्या गिअरचे छोटे दाते नीट बघा, म्हणजे सिंक्रोची (गिअर घालताना वेग जुळवणाऱ्या भागाची) बाही ज्यावर चढते ते. धारदार असतील तर छान. गोलावले असतील तर स्प्रिंग बदलून काही होणार नाही. तो गिअर आणि बाही, दोन्ही लागतील. पहिल्या गिअरला सिंक्रो नाहीच, त्यामुळे त्याचे दाते पुढच्या कडेला चेपलेले दिसतील. चालत्या गाडीत तो घालणाऱ्यांची ती कमाई. थोडं चेपणं चालतं, तुकडा उडालेला असेल तर नाही.

दुसरं झाकण ट्रान्सफर केसच्या तळाला आहे, पत्र्याचं. तेल काढताना ते स्वच्छ भांड्यात काढा. चुंबकावर राखाडी मळ येणं स्वाभाविक आहे. पिवळसर चकाकी दिसली तर ती पितळेची, आणि ती गिअरबॉक्सच्या तेलात दिसली तर सिंक्रो रिंगा झिजताहेत. बोटाला लागेल असा पोलादाचा कण किंवा सुईसारखा रोलर सापडला तर मात्र गाडी तिथेच उभी करा.

तळाचं झाकण निघालं की इंटरमिजिएट गिअर समोर लटकलेला दिसतो. हाताने तो वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. या ट्रान्सफर केसचा कमकुवत भाग हाच. तो ज्या शाफ्टवर फिरतो तो फिरत नाही, फक्त केसमध्ये ठोकून बसवलेला असतो. रोलर त्याच्यावर खड्डे पाडतात आणि मग गिअर डुगडुगतो, लो रेंज (जास्त ताकदीची मंद चाल) सुटू लागते, शाफ्टच्या टोकाशी तेल पाझरतं. नवा शाफ्ट, रोलर आणि वॉशर गाडीखाली झोपूनही बसवता येतात. मागवण्याआधी जाडी मोजा. वेगवेगळ्या काळात पाऊण इंच, सव्वा इंच आणि त्या दोहोंमध्ये एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, असे तिन्ही शाफ्ट वापरले गेले. मेन शाफ्टवरचा गिअरसुद्धा २६ दात्यांचा आणि २९ दात्यांचा, असे दोन्ही आढळतात. आधीच्या मालकाने काय बसवलंय ते गाडीच्या सालावरून कळत नाही.

शाफ्ट केसच्या भोकातच सैल बसत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सील किंवा गोंद लावून भागत नाही. केस लेथवाल्याकडे न्यायची किंवा दुसरी शोधायची. असं निघालं तर ट्रान्सफर केस पूर्ण खोलाच, आणि आउटपुट शाफ्टच्या टेपर बेअरिंगांचे शिम (पातळ चकत्या) नव्याने मोजून घाला. शाफ्टचा लांबीतला प्ले ०.१० ते ०.२० मि.मी.च्या दरम्यान हवा.

गळतीबद्दल एवढंच, की तेल नेमकं कुठून येतंय ते पुसून बघा. या जीपचा हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटवर असतो. तिथलं सील गेलं की हँडब्रेक तेलात भिजतो, म्हणून ते काम पुढे ढकलू नका. ट्रान्सफरची पातळी कमी आणि गिअरबॉक्स काठोकाठ, किंवा उलट, असं दिसलं तर दोहोंच्या मधलं सील गेलंय. ते बाहेरून दिसत नाही आणि दोन्ही वेगळे केल्याशिवाय बदलता येत नाही.

मेकॅनिकचं "दोन्ही एकदमच" हे म्हणणं अर्धं खरं आहे. मेन शाफ्ट गिअरबॉक्समधून थेट ट्रान्सफरमध्ये शिरतो, त्यामुळे एकाला हात लावला की दुसऱ्याचं दार उघडतंच. पण ट्रान्सफर केस एकटी उतरवता येते. मागचं पीटीओचं (बाहेरच्या यंत्राला ताकद देणाऱ्या जोडणीचं) झाकण काढून मेन शाफ्टचा नट सोडायचा. त्याआधी गिअरबॉक्सच्या वरून दुसऱ्या गिअरच्या लगेच मागे शाफ्टला तारेचा फास घालायचा आणि तारेची टोकं वरच्या झाकणाच्या पुढच्या दोन स्क्रूंना ताणून बांधायची. ही तार नसेल तर ट्रान्सफर ओढताना शाफ्टही मागे येतो आणि सगळी सिंक्रोची चळत बॉक्सच्या तळाशी पडते. तुमच्या मेकॅनिकला या तारेबद्दल विचारून बघा. उत्तरावरून त्याने असे किती बॉक्स उघडलेत ते कळेल.

तुमच्या जागी मी असतो तर दोन्ही झाकणं उघडून आधी फक्त महाग आणि दुर्मिळ भाग तपासले असते. क्लस्टर, दुसरा गिअर, मेन शाफ्ट आणि दोन्ही केस. हे धड असतील तर इंटरमिजिएट शाफ्टचा संच, सगळी सीलं आणि शिफ्टरच्या स्प्रिंगा एवढंच करून गाडी चालवत राहिलो असतो. क्लस्टरचा दाता उडालेला किंवा दुसऱ्याचे दाते गोलावलेले असतील तर गिअरबॉक्स पूर्ण खोलला असता, आणि तेव्हा सिंक्रो रिंगा, बेअरिंगं, रोलर एकाच वेळी नवे. त्यात निवड करत बसू नका, कारण मजुरी तीच आहे. चार गिअरचा दुसरा बॉक्स बसवायचा सल्लाही कुणीतरी देईलच. त्यात प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, बहुतेक वेळा क्रॉसमेंबर कापावा लागतो आणि गाडी मूळची राहत नाही. रोज लांब पल्ल्याला नेणार नसाल तर तो मार्ग मी घेणार नाही.

काहीही ठरवलं तरी तेल मात्र ९० नंबरचं, जीएल-४ दर्जाचं घ्या. डिफरन्शियलसाठीचं जीएल-५ या बॉक्समध्ये सर्रास ओतलं जातं, पण त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळेच्या सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. नव्या रिंगा घालून वर तेच ओतायचं असेल तर रिंगांचे पैसे वाचवलेले बरे.